‘जो कधी नॅशनल खेळला नाही, त्याच्या हाताखाली मी?’

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील बदलून, थोडक्यात):

‘माझं वय ३८. विदर्भातल्या एका शहरात वाढलो. बास्केटबॉलच्या जोरावर स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली. बारा वर्षं डिपार्टमेंटच्या संघात पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा) होतो, राज्याकडून सिनिअर नॅशनल खेळलो, भारतीय संघाच्या कॅम्पपर्यंत पोचलो. गुडघ्यानं दगा दिला आणि खेळ थांबला. मी ज्या क्लबमध्ये घडलो, त्यांनीच दोन वर्षांपूर्वी मला १८ वर्षांखालील मुलांचा मुख्य प्रशिक्षक केलं. दोन्ही वर्षं संघ जिल्ह्याच्या पुढे गेला नाही. सगळ्यात हुशार गार्ड मध्येच सोडून गेला. आता समितीनं भर बैठकीत सांगितलं, की ३१ वर्षांचा, एन.आय.एस.चा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोर्स केलेला एक प्रशिक्षक येणार आहे आणि मी त्याचा सहाय्यक म्हणून राहावं. तो विद्यापीठाच्या संघापुढे कधी गेलेला नाही! दुसरीकडे एका खासगी शाळेनं मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलंय. मानधन दुप्पट, पण तिथे संघ असा नाहीच, पाचवी ते आठवीची मुलं आहेत. बायको म्हणते, हे सगळं सोडा आणि संध्याकाळी घरी या. आजच्या मुलांना जिद्दच नाही. त्यांच्या वयात मी डोळे मिटून द्यायचो ते पास यांना दहादा सांगून जमत नाहीत. सहाय्यक व्हायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या कमाईवर पाणी सोडायचं. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. काय करू?’

उत्तर:

तुम्हाला जे लागलंय ते लागण्यासारखंच आहे. ज्या क्लबच्या कोर्टवर तुम्ही वाढलात, तिथेच चारचौघांत ‘आता जरा बाजूला व्हा’ असं ऐकावं लागणं कुणालाही झोंबेल. समितीतल्या एखाद्या जाणत्यानं आधी घरी येऊन, चहा घेत हे बोलायला हवं होतं. ते झालं नाही, ही त्यांची चूक आहे आणि ती तुम्ही त्यांना शांतपणे सांगायलाही हरकत नाही.

मात्र सांगण्याची पद्धत चुकली म्हणून सांगितलेली गोष्टही चूक ठरत नाही. समितीनं तुमच्या खेळाची किंमत कमी केली, असं तुम्ही धरून चालला आहात. मला पत्रात तसं काही दिसलं नाही. तुमच्या बारा वर्षांच्या खेळाबद्दल बैठकीत कुणी ब्रही काढलेला नाही. विषय होता तो दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा. या दोन वेगळ्या कारकिर्दी आहेत. पहिलीत तुम्ही मुरलेले आहात, दुसरीत तुमची जेमतेम दोन वर्षं झाली आहेत. विद्यापीठाच्या पुढे न खेळलेला तो ३१ वर्षांचा तरुण या दुसऱ्या कामात कदाचित तुमच्याहून सिनिअर असेल.

आपल्याकडे डिपार्टमेंटच्या आणि क्लबच्या प्रशिक्षकांच्या कारकिर्दी कुणी नीट नोंदवून ठेवत नाही, हे मला नेहमी खटकतं. त्यामुळे उदाहरणांसाठी मला एनबीएकडे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगकडे जावं लागतंय. खेळ सोडून थेट मुख्य प्रशिक्षक झालेले तिथे ढिगानं आहेत, आणि प्रत्येकाचा हिशेब सामन्यागणिक लिहिलेला आहे.

मॅजिक जॉन्सन तुमच्याच जागेवर खेळायचा. लॉस एंजेलिस लेकर्सला पाच विजेतेपदं मिळवून देणारा, न बघता पास देणारा, अनेकांच्या मते आजवरचा सर्वोत्तम पॉइंट गार्ड. मार्च १९९४ मध्ये त्याच लेकर्सनं हंगाम संपता संपता त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. पहिल्या सहापैकी पाच सामने संघ जिंकला, गावभर जल्लोष झाला. मग सलग दहा हरले. १६ सामने, ५ विजय, ११ पराभव, आणि मॅजिकनं प्रशिक्षकपद सोडलं ते कायमचं. त्याची तक्रार काय होती, ठाऊक आहे? आताच्या खेळाडूंना तळमळ नाही, लक्ष दुसरीकडेच असतं. तुमच्या पत्रातलं वाक्य वाचलं आणि मला तोच आठवला. तीस वर्षांपूर्वी, मोबाइल हातोहाती नव्हते तेव्हा, दुसऱ्या खंडातली दुसरी पोरं, आणि गाऱ्हाणं अगदी हेच. म्हणून हा दोष ‘आजच्या मुलां’चा आहे, यावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

मला वाटतं, अडचण तुमच्या त्या ‘डोळे मिटून’मध्ये आहे. पिक अँड रोल ही चाल घ्या. तुमचा उंच सहकारी येऊन तुम्हाला अडवणाऱ्या डिफेंडरच्या वाटेत स्क्रीन लावतो, म्हणजे आडवा उभा राहतो, आणि तुम्ही त्याच्या खांद्याला घासून निघता. त्या एका क्षणात तुम्ही किती गोष्टी बघत होतात, आठवा. समोरचा उंच डिफेंडर बाहेर झेपावतोय की मागे सरकतोय? झेपावला तर त्याच्या पाठीमागे रोल करणारा तुमचा माणूस मोकळा. मागे सरकला तर मधली जागा तुमची, शॉट घ्या. आणि कोपऱ्यातला तिसरा डिफेंडर मदतीला आत आला असेल तर पास थेट कोपऱ्यात. हे सगळं तुम्ही अर्ध्या सेकंदात करायचात. वर्षानुवर्षांच्या सरावानं ते इतकं मुरलं होतं की आपण काही बघतोय, ठरवतोय, हेच तुम्हाला कळेनासं झालं. म्हणून मुलाला सांगताना तुमच्या तोंडून एवढंच निघतं: ‘अरे, तो मोकळा होता ना, दिसत नाही?’ त्याला खरंच दिसत नाही. कुठे बघायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

दहादा सांगून जमत नसेल, तर अकराव्यांदा तेच सांगू नका, त्याचे तुकडे करा. एक आठवडा फक्त दोनास दोन खेळवा आणि गार्डला एवढंच विचारा: मोठ्याचे पाय कुठे होते, पुढे की मागे? पास चुकला तरी चालेल, उत्तर बरोबर हवं. मग तिसरा डिफेंडर घाला. मग कोपरा. कंटाळवाणं वाटेल, तुम्हाला जास्त, मुलांना कमी. प्रशिक्षकाचं बरंचसं काम याच जातीचं असतं आणि तुम्ही बारा वर्षं खेळून जे कमावलंत, त्याचा इथे कच्चा माल म्हणून उपयोग होतो. तो माल तुमच्याकडे भरपूर आहे. घडवायची हत्यारं अजून हातात बसलेली नाहीत.

सहाय्यक होणं म्हणजे कमाईवर पाणी, असं तुम्ही लिहिलंय. हे मला सगळ्यात जास्त खोडून काढावंसं वाटतं, आणि त्यासाठी मी तुम्हाला जेसन किडची कारकीर्द जरा सविस्तर सांगणार आहे.

किडही पॉइंट गार्डच. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर डॅलसनं घेतलेला, दहा वेळा ऑल-स्टार, २०११ चा विजेता. निवृत्त झाला तेव्हा असिस्ट (बास्केट मिळवून देणारे पास) आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) या दोन्ही यादीत तो इतिहासात दुसरा होता. जून २०१३ मध्ये त्यानं खेळ थांबवला आणि त्याच महिन्यात ब्रुकलिन नेट्सनं त्याला थेट मुख्य प्रशिक्षक नेमलं. मधे एक दिवसही कुणाच्या हाताखाली काम नाही. सोबतीला त्यानं लॉरेन्स फ्रँक या अनुभवी प्रशिक्षकाला मागून घेतलं. हा माणूस कधी एनबीएत खेळलेला नव्हता. महाविद्यालयात संघाचा विद्यार्थी मॅनेजर होता तो, पण किड नेट्सकडून खेळत असताना त्याचाच मुख्य प्रशिक्षक होता. म्हणजे योजना चांगली होती. झालं काय? डिसेंबर उजाडेपर्यंत दोघांचं बिनसलं आणि फ्रँकला बेंचवरून उठवून रोजचे अहवाल लिहायच्या कामाला लावलं. त्याच सुमारास एका सामन्यात टाइमआउट शिल्लक नव्हता, तेव्हा किडच्या हातातलं पेय ‘चुकून’ कोर्टवर सांडलं आणि खेळ थांबला. तो मुद्दाम केलेला प्रकार असल्याचं ठरून लीगनं त्याला ५० हजार डॉलरचा दंड केला. संघाची सुरुवात १० विजय, २१ पराभव अशी. पुढे त्यांनी सावरलं, ४४-३८ वर हंगाम संपवला, बाद फेरीत टोरंटोलाही हरवलं. पण वर्षभरातच व्यवस्थापनाशी फाटलं आणि किड मिलवॉकीला गेला.

तिथे पहिल्याच वर्षी त्यानं आदल्या हंगामात १५ सामने जिंकलेल्या संघाला ४१ विजयांवर नेलं. त्याला प्रशिक्षण अजिबात जमत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. तरीही जानेवारी २०१८ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, मिलवॉकीनं त्याला काढलं. त्याच वर्षी खेळाडू म्हणून त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेलं. एका वर्षात एकाच माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या, आणि एकीनं दुसरी खोटी ठरली नाही. तुमच्या बाबतीत मी नेमकं हेच म्हणतेय.

त्यानंतर किडनं जे केलं, त्यासाठी ही सगळी कहाणी. २०१९ मध्ये तो लेकर्सकडे सहाय्यक प्रशिक्षक म्हणून गेला. मुख्य प्रशिक्षक होते फ्रँक व्होगेल. हेही एनबीएत एकही सामना न खेळलेले, विद्यार्थी मॅनेजरपासून सुरुवात करून, सामन्यांच्या चित्रफिती कापत जोडत वर आलेले. वयानं किडच्याच बरोबरीचे. हॉल ऑफ फेममधला माणूस त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. किड त्यांची जागा घ्यायलाच आलाय, अशी कुजबुज पहिल्या दिवसापासून होती. दोन हंगाम तो तिथे राहिला, मुख्य प्रशिक्षक व्होगेलच होते, आणि २०२० मध्ये लेकर्स विजेते झाले. २०२१ मध्ये डॅलसनं किडला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. पहिल्याच वर्षी ५२ विजय आणि वेस्टर्न कॉन्फरन्सची अंतिम फेरी. २०२४ मध्ये एनबीएची फायनल. पुढे तेच व्होगेल डॅलसमध्ये किडच्या हाताखाली काम करायला आले, आणि त्यांनाही त्यात काही कमीपणा वाटला नाही.

दोन वर्षं सहाय्यक झालं की सगळं आपोआप जुळून येतं, असा अर्थ यातून काढू नका. मधल्या २०२२-२३ च्या हंगामात डॅलस बाद फेरीतही पोचलं नाही, आणि २०२४ ची फायनल ते बॉस्टनकडून ४-१ अशी हरले. बॉस्टनच्या बेंचवर होता ३५ वर्षांचा जो मझुला. एनबीएत तोही कधी खेळलेला नाही. खेळाडू म्हणून दोघांची तुलनाही होऊ शकत नाही, पण त्या आठवड्यात ती कुणी करतही नव्हतं. माझं म्हणणं एवढंच: सहाय्यकपद घेतल्यानं किडचा एक असिस्टही कमी झाला नाही, आणि परतीचा रस्ता त्याच खुर्चीतून गेला.

मग लॅरी बर्ड कसा यशस्वी झाला, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. मॅजिकचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी, तोही कुठलाच अनुभव नसताना १९९७ मध्ये थेट इंडियानाचा मुख्य प्रशिक्षक झाला. पहिल्या वर्षी ५८ विजय आणि वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा किताब, तिसऱ्या वर्षी फायनल. पण त्याची पद्धत बघा. डिफेन्स त्यानं डिक हार्टर या जुन्याजाणत्याकडे सोपवला, ऑफेन्स रिक कार्लाइलकडे. कार्लाइल बॉस्टनमध्ये बर्डचाच सहकारी, पण बहुतेक वेळ बेंचवर बसणारा. टाइमआउटमध्ये फळ्यावर चाली काढायचं काम बर्ड बिनदिक्कत सहाय्यकांवर सोडायचा. मला जे येत नाही ते ज्याला येतं त्यानं करावं, हे इतक्या मोठ्या खेळाडूला सहज मान्य होतं. तीनच वर्षं थांबणार, असं त्यानं आधीच सांगितलं होतं आणि तो खरंच तिसऱ्या वर्षानंतर निघून गेला. या कार्लाइलनंच पुढे २०११ मध्ये डॅलसला विजेतं केलं, किड त्या संघाचा गार्ड होता.

बेंचवर बसलेल्यांचं हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. पॅट रायली, फिल जॅक्सन, स्टीव्ह कर, कार्लाइल, पुढे नामांकित प्रशिक्षक झालेल्या यांच्यापैकी कुणीही खेळाडू म्हणून आपल्या संघाचा पहिला तारा नव्हता. त्यांना मैदानावर मोजकी मिनिटं मिळत, बाकी वेळ शेजारी बसून बघावं लागे, आणि संघात टिकायचं तर डोक्यानं टिकावं लागे. न्यूयॉर्ककडून खेळलेला जॅक्सन पुढे अकरा विजेतेपदांचा प्रशिक्षक झाला, पण त्याआधी तो आल्बनीच्या दुय्यम लीगमधल्या संघाला आणि प्वेर्तो रिकोत शिकवत होता, आणि शिकागोत आधी सहाय्यकच होता. बेकी हॅमन महिलांच्या लीगमधली मोठी खेळाडू. गुडघ्याच्या दुखापतीनं २०१३ चा मोसम गेला, तेव्हा ती सॅन अँटोनिओच्या पुरुष संघाच्या सरावाला जाऊन बसायला लागली. २०१४ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी तिला सहाय्यक म्हणून घेतलं. आठ मोसम ती त्या कामात होती. २०२२ मध्ये लास व्हेगासच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षक झाली आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद, मग २०२३ ला, मग २०२५ ला. तिलाही गुडघ्यानंच थांबवलं होतं, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगितलं.

आपल्या इथलंही एक बघा. लुधियानाच्या अकादमीत सतनाम सिंग, अमृतपाल, अमज्योत या बास्केटबॉलपटूंना घडवणारे डॉ. सुब्रमण्यम यांचं नाव खेळाडू म्हणून कुणी घेत नाही, घेतात ते शिक्षक म्हणून. आणि २०१४ मध्ये वुहानला भारतानं चीनला चीनमध्येच ६५-५८ असं हरवलं, तेव्हाचे आपले प्रशिक्षक स्कॉट फ्लेमिंग हेही एनबीए खेळलेले नव्हते. जो नॅशनल खेळला नाही तो काय शिकवणार, हा प्रश्न आपण जरा सोडून देऊ या.

आता तुमच्यासमोरच्या वाटा.

क्लबमध्ये सहाय्यक म्हणून राहावं, असा माझा कल आहे, पण डोळे झाकून नाही. आधी त्या नव्या प्रशिक्षकाला एकट्याला भेटा. समिती मध्ये नको, क्लबची जुनी मंडळी नकोत. त्याला विचारा, तुला मी हवाय का, की समितीनं तुझ्या गळ्यात घातलाय? तोही धास्तावलेला असणार. शहरात तुमचं नाव आहे, मुलांचे पालक तुम्हाला ओळखतात, आणि पहिला सामना हरल्यावर सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळणार हे त्याला पक्कं माहीत आहे. ही भीती तुम्हीच बोलून मोकळी केलीत तर निम्मं काम होईल. मग कामाची वाटणी मागा आणि ती कागदावर घ्या. ‘सहाय्यक’ म्हणजे बॉल गोळा करणारा आणि रजेच्या दिवशी बदली, असं होता कामा नये. गार्डची तयारी तुमच्याकडे, किंवा अख्खा डिफेन्स तुमच्याकडे, रोजच्या सरावातली ठरावीक वेळ पूर्ण तुमची. मी तर म्हणेन, ऑफेन्स तुम्हाला हातचा मळ वाटतो म्हणून डिफेन्स मागून घ्या. जे आपल्याला सहज येत नाही ते शिकवताना माणूस पायरी पायरीनं विचार करतो.

एक पथ्य मात्र कडक पाळावं लागेल. मतभेद सरावाच्या आधी किंवा नंतर, दोघांतच. कोर्टवर मुलासमोर ‘तसं नाही रे, असं कर’ एकदा जरी झालं, तरी संघात दोन तट पडतात. मुलं मधल्या वेळात तुमच्याकडे येऊन विचारतील, ‘सर, तुम्ही असता तर काय केलं असतं?’ अशा वेळी ‘सरांनी जे सांगितलं ते आधी मनापासून करून बघ’ एवढंच म्हणायची तुमची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर सहाय्यकपद घेऊ नका. त्यात मुलांचंच नुकसान आहे, आणि अठरा वर्षांखालचा मोसम त्यांच्या आयुष्यात पुन्हा येत नाही.

शाळेची नोकरी तुम्ही ‘संघ नाही’ म्हणून बाजूला टाकलीत, ते मला पटलं नाही. पाचवीच्या पोराला लेअप (धावत येऊन बास्केटजवळून घेतलेला शॉट) शिकवायचा म्हणजे उजवा पाय, डावा पाय, गुडघा वर, चेंडू चौकटीच्या कोपऱ्यावर, असे सुटे सुटे भाग करावेच लागतात. तुम्हाला ज्याची गरज आहे तेच काम हे. अडचण एकच, तिथे तुम्ही एकटे असाल. चुकलं तर सांगणारा कुणी नाही, नवं दाखवणारा कुणी नाही. नुसत्या पदासाठी जात असाल तर दोन वर्षांनी इथेच परत याल. जायचंच असेल तर शाळेकडून आधी कबूल करून घ्या, की उन्हाळ्यात प्रशिक्षणाच्या कोर्ससाठी सुटी मिळेल. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, ज्यांना नोकरी सोडून पूर्ण पदविका करता येत नाही त्यांच्यासाठी तो बरा. तुमच्यासारख्या नॅशनल खेळलेल्या माणसानं तो करायलाच हवा, क्लबमध्ये राहिलात तरी.

तुमच्या पत्नीचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उरकलंत. मला ते वाक्य पुरं वाटलं नाही. बारा वर्षं तुम्ही डिपार्टमेंटच्या स्पर्धांसाठी बाहेर, मग दोन वर्षं रोज संध्याकाळी कोर्टवर. घरी येऊन चिडलेला चेहरा त्यांनी बघितलाय. त्या बास्केटबॉल सोडा म्हणतायत की ही चिडचिड सोडा म्हणतायत, हे एकदा नीट विचारून घ्या. सहाय्यकपदात आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या राहणार असतील, तर ती गोष्ट त्यांना सांगण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट मला बोलायचीच आहे. तुमच्या पत्रात तुम्ही खेळलेले तीन सामने आहेत, स्कोअरसकट. शेवटच्या मिनिटातला तुमचा पाससुद्धा आहे. (जागेअभावी तो भाग वर दिलेला नाही.) पण तुमच्या संघातल्या एकाही मुलाबद्दल, कोण उंच आहे, कोण घाबरतो, कोणाला डाव्या हातानं ड्रिबल जमत नाही, यातलं काहीच नाही. जो गार्ड सोडून गेला तो का गेला, हेही नाही. त्याला फोन करा. परत ये म्हणायला नव्हे, समजावायलाही नव्हे, फक्त विचारायला. तो काय सांगेल ते मध्ये न तोडता ऐका. त्याच्या वडिलांकरवी नको, थेट त्याच्याशी बोला. मला वाटतं, समितीच्या बैठकीपेक्षा त्या फोनवर तुम्हाला जास्त कळेल.

आणि मुलांशी तुलना करताना स्वतःचं उदाहरण देणं या मोसमात पूर्ण बंद ठेवून बघा. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द उच्चारायचेच नाहीत. त्याऐवजी मोबाइल स्टँडवर लावून सरावाचे तुकडे चित्रित करा आणि मुलालाच दाखवून विचारा, इथे तुला काय दिसलं? स्टीव्ह कर पाच विजेतेपदांचा खेळाडू, पण प्रशिक्षक म्हणून २०१५ च्या फायनलमध्ये २-१ असा मागे पडला तेव्हा आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवायची कल्पना त्याच्या चमूतल्या २८ वर्षांच्या निक यूरेननं सुचवली. यूरेनचं काम मुख्यतः चित्रफिती आणि आखणी हे होतं. करनं ते ऐकलं, संघ सलग तीन सामने जिंकून विजेता झाला, आणि कल्पना कुणाची हे त्यानं सगळ्यांना सांगितलं. तुमच्या त्या ३१ वर्षांच्या प्रशिक्षकाकडेही असं काही असेल, जे तुम्ही बारा वर्षांत कधी पाहिलं नाही. आणि तुमच्याकडे असं बरंच आहे जे त्याला कुठल्याच कोर्समध्ये मिळालेलं नाही: तिसऱ्या क्वार्टरला पाय जड झाल्यावर गार्डच्या डोक्यात काय चालतं, रेफ्री शिट्टीला कंजूष असला की अंगावर कसं खेळायचं, हरलेल्या सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये कोणाला एकटं सोडायचं आणि कोणाच्या शेजारी बसायचं.

तुमच्यासारखी पत्रं मला कबड्डीतून येतात, खो-खोतून येतात, व्हॉलीबॉलच्या मुलींकडूनही येतात. नोकरी आहे, नाव आहे, खेळ थांबलाय आणि हातात शिट्टी आली आहे. त्या सगळ्यांनाही मी हेच सुचवेन: मुख्य पद मिळत असलं तरी पहिला एक मोसम कुणाच्या तरी शेजारी बसून काढा, आणि तेही शक्य नसेल तर बर्डसारखं करा, आपल्याहून जास्त जाणणारा सहाय्यक शेजारी बसवा आणि त्याला बोलू द्या.

महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. या आठवड्यात त्या गार्डला फोन, पुढच्या आठवड्यात नव्या प्रशिक्षकाची भेट, मग घरी बसून बोलणं, आणि त्यानंतरच समितीला उत्तर. हो म्हणालात तर फक्त एका मोसमापुरतं म्हणा, आणि जिल्हा स्पर्धा संपल्यावर पुन्हा बसून ठरवू, असं पत्रातच लिहून द्या. तो तरुण भेटीत म्हणाला, की तुम्ही नुसते बेंचवर दिसा, बाकी मी बघतो, तर त्याचे आभार मानून सरळ शाळेला होकार कळवा. तोही चांगला निर्णय असेल.